आधी काम वाचा, टूलचं नाव नंतर

प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक सर्वेक्षणात रस्ट ही भाषा २०१६ पासून प्रोग्रामरांच्या आवडीच्या यादीत सतत पहिली येते. २०२४ मध्ये ती वापरणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांना पुढेही तीच वापरायची होती. पण मुळात ती वापरणारे होते आठांत एक. त्याच सर्वेक्षणात एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा, वापरणारे जवळपास निम्मे होते. एसक्यूएल १९७४ पासूनची आहे आणि तिच्याबद्दल उत्साहाने बोलणारा माणूस क्वचितच भेटतो. पुढचं कौशल्य ठरवायला बसताना हे आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. लोक कशाबद्दल बोलतात हा एक प्रश्न आणि पगार कशासाठी दिला जातो हा दुसरा. कल दाखवणाऱ्या बहुतेक साधनांत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत कालवलेले असतात. ते सुटे करायला आम्ही दर तिमाहीला जी पाहणी करतो, तिचा हा तपशील.

सुरुवातीला प्रत्येक साधन नक्की काय मोजतं ते एका ओळीत लिहून घ्यायचं. शोधांचा कल दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समधला १०० म्हणजे निवडलेल्या काळातलं आणि प्रदेशातलं शिखर. शोध किती झाले हे त्यातून कळत नाही, त्यामुळे नवा शब्द एकटा टाकला की आलेख हमखास चढता दिसतो. सोबत एसक्यूएल किंवा एक्सेलसारखं एखादं स्थिर नाव टाकलं की तो चढ केवढा आहे ते समजतं. शिवाय नुसता शब्द न टाकता यादीतला ‘विषय’ निवडावा, नाहीतर रस्टमध्ये लोखंडाचा गंज, पायथनमध्ये अजगर आणि स्विफ्टमध्ये टेलर स्विफ्ट ही गायिका मिसळते.

कोड साठवण्याच्या गिटहब या साइटवरचा तारा म्हणजे एका क्लिकची खूण. ती सहसा कुणी काढत नाही, म्हणून तो आकडा जवळजवळ फक्त वाढतच राहतो. जावास्क्रिप्टमधल्या तयार कोडची पॅकेजेस देणाऱ्या एनपीएमच्या डाउनलोड संख्येमागेही माणसं मोजलेली नसतात. कोडची स्वयंचलित चाचणी जितक्या वेळा चालते तितक्या वेळा पॅकेज पुन्हा उतरवलं जाऊ शकतं, आणि एका पॅकेजच्या पोटात आणखी कितीतरी पॅकेजेस असतात. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अवघ्या ११ ओळींचं पॅकेज मागे घेतलं गेलं आणि असंख्य प्रकल्पांची बिल्ड्स अडली. आपला प्रकल्प त्यावर उभा आहे हे त्यातल्या अनेकांना तेव्हाच कळलं. अशा आकड्यांतून एवढंच घ्यावं: दोन स्पर्धक लायब्ररींमधलं गुणोत्तर दोन वर्षांत कुणाच्या बाजूने सरकलं. स्टॅक ओव्हरफ्लोवर एखाद्या टॅगखाली किती प्रश्न येतात हे पूर्वी चांगलं माप होतं. चॅटजीपीटी आल्यानंतर तिथे प्रश्न विचारणंच झपाट्याने घटलं, त्यामुळे आता त्या आलेखात जवळपास प्रत्येक तंत्रज्ञान मरणपंथाला लागल्यासारखं दिसतं.

थॉटवर्क्सचा टेक्नॉलॉजी रडार २०१० पासून वर्षातून साधारण दोनदा निघतो. तो एका सल्लागार कंपनीचा कौल आहे, पण वाचण्यासारखा. फक्त ताजा अंक पाहून थांबू नये. चार अंक मागे जावं आणि कोणतं नाव बाहेरच्या वलयातून ‘अडॉप्ट’ या आतल्या वलयात सरकलं ते पाहावं. गार्टनर या संशोधन कंपनीचा हाइप सायकल, म्हणजे तंत्रज्ञानाबद्दलच्या अपेक्षा कशा चढतात-उतरतात ते दाखवणारी रेघ, १९९५ पासूनचा आहे. त्यात मोठा धोका असा की ती वळणदार रेघ पाहून प्रत्येक तंत्रज्ञान तीच वाट चालतं असं वाटायला लागतं. लागोपाठच्या वर्षांच्या आकृत्या शेजारी ठेवल्या तर कित्येक नावं मधेच गळालेली दिसतात. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२३ च्या अहवालात पुढच्या पाच वर्षांत ४४ टक्के कौशल्यं बदलतील असं होतं. २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंतचा आकडा ३९ टक्के होता. हे दोन्ही आकडे नोकरी देणाऱ्यांना विचारून काढलेले अंदाज आहेत. दिशेसाठी ठीक, वेळापत्रकासाठी निरुपयोगी.

या सगळ्याला मिळून दोन तासांच्या वर वेळ देऊ नये. यातून फक्त दहा-बारा नावांची कच्ची यादी काढायची. खरा निर्णय नोकरीच्या जाहिराती हाताने वाचून होतो.

आधी एक पद निश्चित करा. ‘आयटी’ किंवा ‘डेटा’ असं ढोबळ क्षेत्र चालत नाही. एकच काम वेगवेगळ्या कंपन्यांत वेगळ्या नावाने चालतं, म्हणून त्या पदाची तीन पर्यायी नावं शोधून ठेवा: डेटा इंजिनिअर, अ‍ॅनालिटिक्स इंजिनिअर आणि ईटीएल (डेटा काढून, बदलून दुसरीकडे भरणारा) डेव्हलपर यांच्या जाहिरातींत अर्ध्याहून अधिक मजकूर सारखा निघू शकतो. मग ६० जाहिराती गोळा करा. वीस मोठ्या कंपन्यांच्या, वीस मध्यम आणि वीस लहान. एका कंपनीच्या दोनपेक्षा जास्त नकोत. भरती करून देणाऱ्या एजन्सी एकच जाहिरात चार नावांनी टाकतात. मधलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधलं की अशी जुळी जाहिरात लगेच सापडते. साठ दिवसांहून जुनी किंवा पुन्हा पुन्हा वर येणारी जाहिरात वेगळ्या रंगात ठेवा. अशा बऱ्याच जाहिरातींमागे रिकामी जागाच नसते, नुसती अर्जदारांची यादी वाढवत ठेवलेली असते.

स्प्रेडशीटला आठ रकाने पुरतात: तारीख, कंपनीचं नाव आणि आकार, उद्योग, किती वर्षांचा अनुभव, ‘आवश्यक’ म्हणून दिलेली कौशल्यं, ‘असल्यास उत्तम’ म्हणून दिलेली कौशल्यं, कामाचं वाक्य, आणि कशावरून कशावर जायचं आहे. शेवटचे दोन रकाने लोक टाळतात, कारण ते भरायला जाहिरात पूर्ण वाचावी लागते. आमच्या मते सगळी किंमत तिथेच आहे.

कामाचं वाक्य म्हणजे क्रियापद असलेलं वाक्य, जसंच्या तसं उतरवलेलं: ‘रोजच्या व्यवहारांच्या नोंदी सकाळी सातच्या आत तपासून अहवालासाठी तयार ठेवणे’. टूल बदलतं, हे वाक्य फारसं बदलत नाही. प्रचंड डेटा हाताळणाऱ्या हडूप या प्रणालीचं उदाहरण घ्या. २००६ मध्ये आलेलं हडूप पुढे काही वर्षं डेटाच्या जाहिरातींत सर्वत्र होतं. मग त्याच कामाचं नवं टूल स्पार्क आणि क्लाउडवरची डेटा वेअरहाउसेस, म्हणजे विश्लेषणासाठीची डेटाची कोठारं आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये क्लाउडेरा आणि हॉर्टनवर्क्स या हडूपच्या दोन मोठ्या कंपन्यांनी विलीनीकरण जाहीर केलं. हडूपवर चालणारे मॅपरिड्यूसचे प्रोग्राम जावामध्ये लिहिण्याचं कसब तेव्हा मागे पडलं. पण ‘मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून प्रक्रिया करणे’ हे काम जागेवर राहिलं, आणि हडूपवरच्या हाइव्ह या टूलमध्ये एसक्यूएल लिहिणाऱ्याचं जवळपास सगळं ज्ञान पुढे कामी आलं. २०२३ मध्ये गाजलेल्या ‘प्रॉम्प्ट इंजिनिअर’ या पदाचंही तसंच. पदाच्या नावाकडे न पाहता आतली वाक्यं वाचली तर तिथे मॉडेलची उत्तरं तपासायला चाचणीसंच बनवणे, कंपनीची कागदपत्रं मॉडेलला जोडणे, चुकीच्या उत्तरांचे प्रकार पाडणे अशी कामं होती. ही कामं आता साध्या सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या आणि प्रॉडक्ट मॅनेजरच्या जाहिरातींत दिसतात.

जाहिरातींचा सारांश एआयकडून काढून घेण्याचा मोह होतो. पहिल्या वीस तरी स्वतः वाचा. सारांशात ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास उत्तम’ यांतला भेद अनेकदा पुसला जातो, आणि जवळजवळच्या नावांची दोन टूल्स एक होऊन जातात. वीस जाहिराती वाचल्यावर कोणते शब्द वेगळे ठेवायला हवेत ते कळतं. मग उरलेल्या चाळीसांसाठी मदत घ्यायला हरकत नाही, पण दर पाचवी जाहिरात मूळ मजकुराशी ताडून पाहावी.

आता मोजणी. इथे बहुतेकांचा तोल जातो. ६० पैकी १२ जाहिरातींत, म्हणजे २० टक्क्यांत, एखादं टूल दिसलं तर खरं प्रमाण १० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. पुढच्या तिमाहीत १२ चे १५ झाले म्हणजे मागणी वाढली असं मुळीच म्हणता येत नाही. १२ चे २४ झाले तर मात्र दखल घ्यावी. छोट्या बदलांवर विश्वास ठेवायचा असेल तर जाहिराती काही पटींनी वाढवाव्या लागतील, आणि ते हाताने वाचणाऱ्याला परवडत नाही. म्हणून आम्ही एकूण संख्येपेक्षा टूल ‘असल्यास उत्तम’मधून ‘आवश्यक’मध्ये सरकलं का, यावर जास्त भर देतो. एखादं नाव दोन-तीन तिमाही उजव्या रकान्यात राहून मग डावीकडे येऊ लागलं तर ते शिकायची वेळ झाली. थेट ‘आवश्यक’मध्ये उगवलेलं नाव बहुतेक वेळा एकाच मोठ्या कंपनीच्या भरतीमुळे आलेलं असतं, कंपनीचा रकाना पाहिला की कळतं.

आणखी एक भरवशाची खूण आहे: स्पर्धकच ती गोष्ट विकायला लागतो. कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या गोष्टींसकट बांधलेली सॉफ्टवेअरची पाकिटं, अनेक मशीनवर चालवणारं कुबरनेटीस जून २०१४ मध्ये खुलं झालं आणि त्याची १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. तेव्हा मेसॉस आणि डॉकर स्वॉर्म हेही शर्यतीत होते आणि कोण टिकेल यावर जोरदार वाद होते. २०१७ च्या ऑक्टोबरात स्वतः डॉकरनेच कुबरनेटीसला आधार जाहीर केला आणि नोव्हेंबरात अ‍ॅमेझॉनने आपली कुबरनेटीस सेवा जाहीर केली. त्या क्षणी वाद संपला होता. आधीच्या तीन वर्षांत ज्यांनी लिनक्स, नेटवर्किंग आणि कंटेनर म्हणजे काय हे पक्कं केलं होतं, त्यांना कोण जिंकलं याने काहीच फरक पडला नाही. उरलेला भाग त्यांना काही आठवड्यांत शिकता आला.

जाहिरातींइतकंच महत्त्व आम्ही तारखांना देतो, आणि या भागाकडे फार कमी लोक पाहतात याचं वाईट वाटतं. कल म्हणजे अंदाज. कायद्याची किंवा आधार संपण्याची तारीख आधीच छापून ठेवलेली असते. अडोबीने जुलै २०१७ मध्ये सांगितलं की ब्राउझरमधले खेळ आणि व्हिडिओ चालवणारं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद होईल. म्हणजे साडेतीन वर्षांची आगाऊ सूचना. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तीही तारीख कित्येक वर्षं आधी ठरलेली होती. युरोपातला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झाला आणि २५ मे २०१८ पासून लागू झाला. मधल्या दोन वर्षांत डेटा कुठे साठतो, कोण पाहतं, कसा पुसायचा हे जाणणाऱ्यांची गरज वाढणार हे उघड दिसत होतं. युरोपातलाच डिजिटल सुगम्यतेचा (अपंगांनाही वापरता यावं यासाठीचा) कायदा २०१९ चा, त्याची अंमलबजावणी २८ जून २०२५ पासून. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने क्वांटम संगणकांपुढे टिकतील अशी एन्क्रिप्शनची पहिली तीन मानकं १३ ऑगस्ट २०२४ ला अंतिम केली. जुन्या पद्धती कुठे कुठे वापरल्यात ते शोधून त्या बदलण्याचं काम आता वर्षानुवर्षं चालेल. कंपन्यांचा कारभार सांभाळणाऱ्या सॅपच्या जुन्या ईसीसी प्रणालीचा मुख्य आधार २०२७ अखेर संपतो आहे.

अशा प्रत्येक तारखेमागे स्थलांतराचं काम असतं, म्हणून तो आठवा रकाना. जुनं आणि नवं दोन्ही वाचता येणारी माणसं तिथे लागतात, आणि ती कमी असतात. मागणीइतकाच पुरवठाही मोजायला हवा, तो असा. कोबोल १९५९ ची भाषा. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीरपणे सांगावं लागलं, कारण बेरोजगार भत्त्याच्या जुन्या यंत्रणेवर अचानक भार आला होता. याचा अर्थ सगळ्यांनी कोबोल शिकावं असा नाही. ज्या क्षेत्रात तुम्ही आहात तिथली जुनी प्रणाली तुम्हाला आधीच येत असेल, तर तिच्या शेजारची नवी शिकणं हा सर्वांत स्वस्त सौदा असतो.

यादी हाताशी आली की निवड. प्रत्येक नावाला चार बाबतींत ० ते ३ गुण द्या: मागणी, जवळीक, टिकाऊपणा, आणि शिकल्याचा पुरावा दाखवता येणं. जवळिकीचे गुण दुप्पट धरा. एकूण १५ पैकी १० च्या खालचं नाव तूर्त बाजूला.

जवळीक म्हणजे काय ते नीट सांगायला हवं. जाहिरात कधीच एक कौशल्य मागत नाही, जुडगा मागते. ज्या जाहिरातींत तुमचं नवं टूल आहे तेवढ्याच गाळून घ्या आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जाहिरातींत आणखी काय काय दिसतं ते मोजा. स्पार्क मागणाऱ्या जाहिरातींत साधारणपणे पायथन, एसक्यूएल, एखादं क्लाउड, कामं वेळेवर लावणारं एअरफ्लोसारखं टूल, डेटा मॉडेलिंग आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट यांचा घोळका निघतो. या सहांपैकी चार येत असतील तर स्पार्क हा तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. एकच येत असेल तर स्पार्कचा कोर्स लावून हाती प्रमाणपत्र येईल, मुलाखत येणार नाही. आधी पायथन आणि एसक्यूएल. मागणी कितीही मोठी असली तरी हे गणित बदलत नाही, म्हणूनच ते गुण दुप्पट.

टिकाऊपणासाठी आम्ही तीन थर मानतो. तळाला दहा वर्षांहून अधिक टिकणारं: एसक्यूएल, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, संख्याशास्त्र, स्पष्ट लेखन. मधे तीन ते सात वर्षांचं: एखाद्या क्लाउडच्या सेवा, एखाद्या फ्रेमवर्कचं (कोडच्या तयार सांगाड्याचं) घराणं. वर एक ते तीन वर्षांचं: विशिष्ट टूल आणि त्याची विशिष्ट आवृत्ती. वेबपानं बनवण्याचं अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क २०१० मध्ये आलं, अँग्युलर २ सप्टेंबर २०१६ मध्ये जवळपास नव्याने लिहिलेलं आलं, आणि जुन्याचा आधार २०२१ अखेर संपला. वरचा थर असाच निसटतो, पण जावास्क्रिप्ट आणि ब्राउझर कसा चालतो याचं ज्ञान तिथेच राहतं. आठवड्याला पाच तास मिळत असतील तर नोकरीत स्थिरावलेल्याने तीन तळाला, दीड मधल्या थराला आणि अर्धा तास वरच्या थरावर नजर ठेवायला द्यावा. पहिली नोकरी शोधणाऱ्याला हे प्रमाण लागू करू नये. त्याला चाळणीतून पार व्हायचं आहे, आणि चाळणी टूलच्या नावांचीच असते. त्याने वरच्या थरातलं एकच नाव घेऊन ते दाखवण्याजोगं पक्कं करावं.

तीन महिने घालण्याआधी बारा तासांची चाचणी घ्या. दोन तास मूळ दस्तऐवज, सहा तास कामाच्या रकान्यातलं एक वाक्य घेऊन ते लहान स्वरूपात प्रत्यक्ष करणं, दोन तास ते मुद्दाम मोडून एरर वाचणं, आणि दोन तास एक पान लिहिणं: काय जमलं, कुठे अडलं, कशामुळे. यात मोडण्याचा टप्पा गाळू नका. शिकवणीतला डेटा स्वच्छ असतो. प्रत्यक्षात तारखा तीन पद्धतींनी लिहिलेल्या येतात, अर्धी फाइल आलेली असते, परवानगी संपलेली असते. पगार बऱ्याच अंशी त्याच निस्तरण्याचा असतो. बारा तासांनंतर पुढचं वाचायची इच्छा उरली नसेल तर ते नाव सोडून द्यावं, गुण कितीही असोत.

प्रमाणपत्राचा निर्णयही त्याच स्प्रेडशीटवरून घ्यावा. ६० पैकी पाचापेक्षा कमी जाहिरातींत ते ‘आवश्यक’ असेल तर त्यावर पैसे घालू नयेत. वैधताही पाहा: अ‍ॅमेझॉनची क्लाउड प्रमाणपत्रं तीन वर्षं चालतात, गूगल क्लाउडची व्यावसायिक पातळीची दोन वर्षं, मायक्रोसॉफ्ट अझूरची पदानुसार असलेली एक वर्ष, मात्र त्यांचं नूतनीकरण मोफत होतं.

या टप्प्यावर ते काम करणाऱ्या चार-पाच जणांशी बोला. ‘काय शिकू?’ असं विचारलंत तर त्यांनी नुकतंच ऐकलेलं नाव मिळेल. विचारायचं ते हे: ‘गेल्या महिन्यात तुमचा सर्वांत जास्त वेळ कशात गेला?’ आणि ‘शेवटची भरती केलीत तेव्हा उमेदवार कुठे अडले?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीत कधीच लिहिलेलं नसतं.

तिमाही पाहणीत शोधाचे शब्द, कंपन्यांच्या आकाराचं प्रमाण आणि वर्षातला काळ सारखा ठेवा. भरतीला हंगाम असतो, म्हणून या तिमाहीची तुलना मागच्या तिमाहीबरोबरच मागच्या वर्षीच्या याच तिमाहीशी करावी. प्रत्येक निवडलेल्या नावापुढे तारखेसह एक भाकीत लिहा: ‘पुढच्या वर्षी याच महिन्यात ६० पैकी किमान २० जाहिरातींत आवश्यक’. आज शिकायला घेतलेलं कौशल्य नोकरीत उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, तेव्हा भाकीत वर्षभराचंच हवं. सलग दोन तिमाही तीनपेक्षा कमी जाहिरातींत दिसलेलं नाव वेगळ्या पानावर हलवायचं, पुसायचं नाही, आणि शेजारी कारण लिहायचं: जागा दुसऱ्या टूलने घेतली, कामच संपलं, की खर्च परवडला नाही. पहिली दोन कारणं असलेली नावं तिथेच राहू देत. तिसरं कारण असलेल्यांकडे वर्षातून एकदा परत पाहावं, कारण खर्च खाली येतो. न्यूरल नेटवर्कचं मूळ १९४० च्या दशकातलं, पण २०१२ मध्ये अ‍ॅलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कने चित्रं ओळखण्याची इमेजनेट स्पर्धा जिंकली ती ग्राफिक्स कार्डांची गणनक्षमता आणि मोठा डेटा हाताशी आल्यावर.